जुळली नाहीत ती नावे

(उत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आम्ही दोघे एकाच घरातले, सासरा आणि सून. आमच्यातल्या एकाने छत्तीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवल्या आणि आता निवृत्त आहे. दुसरी गच्चीबोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. गेली तीन वर्षे मंडळाच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम आम्ही पाहतो. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही रात्री जागून काय करता ते एकदा लोकांना सांगा तरी." हे झाले वरवरचे कारण. खरे कारण इथे बसलेल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे. मागच्या वर्षी सत्काराच्या यादीतून एक नाव राहिले. ते कसे राहिले हे सांगणे आमच्याकडे लागते. त्यासाठी आधी थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी मागे बटाटेवडे आहेत, आम्ही रागावणार नाही.

आपल्या मंडळाच्या नोंदी तीन ठिकाणी आहेत. पहिली, जुनी बांधीव वही. निजामाच्या काळातली, फसली सनाची, काही पाने मोडीत. ती वही आपल्या युवक शाखेच्या मुलांनी दोन उन्हाळ्यांत वाचून संगणकात उतरवली. एका ओळीत एक नोंद, मध्ये स्वल्पविराम, इतकी साधी फाईल. दुसरी, पावत्यांचा डेटाबेस. वर्गणी आणि देणग्या अलीकडे त्यात जातात, रांगा आणि स्तंभ असलेले नीट तक्ते. तिसरी, पत्ते आणि फोन. ते लोकांनी आपापल्या मोबाईलवरून भरले आणि आमच्या हाती एक्सएमएल नावाच्या प्रकारात आले. त्यात डब्यात डबा, डब्यात डबा असते. कुटुंबाच्या डब्यात माणसे, माणसाच्या डब्यात फोन.

आता प्रश्न साधाच विचारायचा असतो. ज्या घरांचे मंडळाशी पंचाहत्तर वर्षांहून जुने नाते आहे, जी अजून वर्गणी देतात आणि ज्यांचा पत्ता आपल्याकडे आहे, त्यांची यादी द्या. प्रश्न एक, पण उत्तराचे तुकडे तीन घरांत, आणि तिन्ही घरांची बोली निराळी.

तक्त्यांना प्रश्न विचारण्याची रीत जुनी आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले की माहिती तक्त्यांत ठेवावी आणि ती कशी शोधायची याची उठाठेव विचारणाऱ्याने करू नये. काय हवे तेवढे सांगावे. त्यावरून १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी एक भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आज बँक, रेल्वे, वीज मंडळ, सगळीकडे तीच राबते. अडचण अशी की कार्यक्रम लिहिण्याची भाषा वेगळी आणि तक्त्याला विचारण्याची वेगळी. मग प्रोग्रॅम लिहिणारा काय करी, एसक्यूएलचा प्रश्न अवतरणचिन्हांत घालून, एखाद्या बंद पाकिटासारखा, आपल्या प्रोग्रॅममध्ये ठेवी. पाकिटातले शुद्धलेखन कोणी तपासत नसे. चूक असेल तर ती कळायची प्रोग्रॅम चालू असताना, गिऱ्हाईक समोर उभे असताना. आणि एक्सएमएलला विचारायचे तर तिसरीच भाषा. साध्या यादीत शोधायचे तर चौथी पद्धत, म्हणजे एकेक ओळ घेऊन आपणच फिरत बसायचे.

यावर मायक्रोसॉफ्टमध्ये जो उपाय निघाला त्याचे नाव लिंक. लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी, म्हणजे भाषेतच सामावलेली पृच्छा. स्पेलिंगच्या शेवटी के नाही, क्यू आहे, त्यामुळे शोधताना फसगत होते. सी शार्प ही भाषा घडवणारे डॅनिश संगणकतज्ज्ञ अँडर्स हेल्सबर्ग, आणि हॅस्केलसारख्या गणिती वळणाच्या भाषांत मुरलेले एरिक मायर, ही त्यामागची ठळक नावे. २००५ च्या सप्टेंबरात त्याची घोषणा झाली आणि २००७ च्या नोव्हेंबरात डॉटनेट ३.५ बरोबर ते लोकांच्या हाती आले. मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र १९९८ पासून आपल्याच हैदराबादेत आहे, पण म्हणून आपण त्याचे श्रेय घ्यावे असे आम्ही म्हणत नाही.

लिंकने केले ते असे. यादी असो, तक्ता असो की एक्सएमएल, प्रश्न एकाच वळणाने विचारायचा. फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट. फ्रॉम म्हणजे कशातून, व्हेअर म्हणजे कोणती अट, सिलेक्ट म्हणजे काय काढून द्यायचे. आणि हा प्रश्न पाकिटात बंद नसतो. प्रोग्रॅमचेच वाक्य असल्यामुळे शुद्धलेखन लिहितानाच तपासले जाते. "वर्गणी" ऐवजी "वरगणी" लिहिले की खाली लाल रेघ.

इथे घरात एक गंमत झाली. आमच्यातल्या ज्येष्ठाने बँकेत असताना थोडे एसक्यूएल पाहिले होते. त्यात सिलेक्ट आधी येते. काढ नावे, सभासदांतून, ज्यांचे वय अमुक. इंग्रजी हुकमाची रचना. लिंकमध्ये सिलेक्ट शेवटी. सुनेने कारण सांगितले, "बाबा, कशातून काढायचं ते आधी कळलं, तरच एडिटर पुढचे शब्द सुचवू शकतो. म्हणून फ्रॉम आधी." ते बरोबरच आहे. पण ज्येष्ठ म्हणाले, "अगं, हे तर मराठी वाक्य आहे. वहीतून, ज्यांचं साल एकोणीसशे पन्नासच्या आधीचं आहे, त्यांची नावं काढ. क्रियापद शेवटी." त्या दिवसापासून आमचे काम फार सोपे झाले. प्रश्न आधी मराठीत बोलायचा, मग तसाच्या तसा उतरवायचा. सी शार्पमध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात, हेही तेव्हाच कळले. फ्रॉम आणि व्हेअर तेवढे इंग्रजी; बाकी सभासद, वर्गणी, पेठ ही नावे आपल्या लिपीत. हैदराबादेतल्या कुठल्याही घरात बोलतो तशीच मिसळ झाली म्हणायची.

जुन्या वहीने मात्र दमवले. त्यात साल फसली. हैदराबाद संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे इसवी सन काढायला कुठे ५९० मिळवावे लागतात, कुठे ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. रकमा दोन प्रकारच्या, काही हाली सिक्क्याच्या, काही कलदार. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, सात हाली म्हणजे सहा कलदार. हिशेब एका मापात आणायचा म्हणून आम्ही प्रश्नाच्या मध्येच एक ओळ घातली. लिंकमध्ये त्याला लेट म्हणतात. "समजा" असा त्याचा अर्थ. समजा कलदार म्हणजे हाली गुणिले कंसात सहा भागिले सात. यंत्राने क्षणात उत्तर दिले. निजामाच्या काळातल्या यच्चयावत हाली देणग्या शून्य! पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की सी शार्प अपूर्णांक टाकून देते. सहाला साताने भागून उरते शून्य, आणि शून्याने कितीही गुणा. एकाने आयुष्यभर पैचा हिशेब केलेला, त्याला तो रकाना पाहून घाम फुटला. सहाच्या पुढे एक अक्षर लावून, हा दशांश आहे असे सांगितल्यावर देणग्या परत आल्या. ही चूक लगेच दिसली, कारण शून्य डोळ्यांत खुपते.

न दिसणारी चूक पुढे होती.

तीन घरांतली माहिती जोडण्यासाठी लिंकमध्ये जॉइन आहे. वहीतले घराणे आणि पत्त्याच्या यादीतले घराणे, दोन्हीकडचे नाव सारखे असेल तिथे जोड. आम्ही तशी जोडणी लिहिली. एकेचाळीस घरे आली. आम्ही वरून खाली वाचली; प्रत्येक नाव बरोबर, प्रत्येक साल बरोबर, प्रत्येक पत्ता बरोबर. चूक एकही नाही. यादी छापून व्यासपीठावर गेली, शाली आणि श्रीफळे आली, आणि गेल्या वर्षी याच सभागृहात नावे पुकारली गेली.

तिसऱ्या रांगेत काचीगुड्याच्या एक आजी बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांच्या सासऱ्यांचे नाव वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. त्या मुलाला घेऊन आल्या होत्या, कारण शेजारच्या कोणीतरी, यंदा जुन्या घरांचा सत्कार आहे, असे सांगितले होते. एकेचाळीस नावे झाली. त्यांचे आले नाही. त्या शेवटपर्यंत बसल्या, प्रसाद घेतला, आणि जाताना आमच्यातल्या ज्येष्ठाजवळ थांबून म्हणाल्या, "आमचं नाव कुठं गेलं रे बाबा?" बस्स, एवढेच. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

घरी आल्यावर आम्ही जेवलो नाही. संगणक उघडला. वहीच्या फाईलमध्ये त्यांचे आडनाव होते. पत्त्यांच्या यादीतही होते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, डोळ्यांना एकच. यंत्राला विचारले, हे दोन सारखे आहेत का? उत्तर, नाहीत.

त्यांच्या आडनावात ऱ्ह आहे. बऱ्हाणपूर लिहितो तसा, अर्ध्या र ची ती चंद्रकोरीसारखी खूण. मराठी लिहिताना ही खूण संगणकात निदान तीन प्रकारे साठू शकते. ऱ हे नुक्ता असलेले एक स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून. किंवा साधा र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे ठेवून आणि मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त, आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखी, कागदावर सारखी. आत चिन्हांचे क्रमांक वेगळे. मुलांनी वही लॅपटॉपवर उतरवली होती, आजींच्या नातवाने पत्ता मोबाईलवर भरला होता. दोन कळफलक, दोन ऱ्ह. आणि जॉइन ही मोठी काटेकोर बाई. चिन्हाला चिन्ह तंतोतंत मिळाले तरच जोडणार. नाही मिळाले तर ती भांडत नाही, तक्रार करत नाही, लाल रेघ देत नाही. ती नोंद दोन्हीकडून सोडून देते आणि पुढे जाते.

आम्ही एकेचाळीस नावे तपासली होती. जी आलीच नव्हती ती कशी तपासणार?

बँकेत ताळेबंद जुळवताना जुळलेल्या नोंदींना टिंब करतात आणि खरे काम न जुळलेल्या नोंदींवर सुरू होते. हे ज्याने छत्तीस वर्षे केले, त्याला संगणकापुढे बसल्यावर ते सुचले नाही. आणि जिचा रोजचा व्यवसाय हाच, तिलाही घरचे काम म्हणून सुचले नाही. दोघांचा दोष निम्मा निम्मा धरा.

उपाय लिंकमध्येच आहे. जोडणी अशी लिहायची की डावीकडचे प्रत्येक नाव उत्तरात आलेच पाहिजे. उजवीकडे जोडीदार मिळाला तर त्याच्यासह, नाही मिळाला तर रिकाम्या जागेसह. जॉइनला इन्टू लावून गट करायचा आणि पुढे डिफॉल्ट इफ एम्प्टी म्हणायचे, म्हणजे काही नसेल तर रिकामे ताट तरी मांड. अनेक वर्षे हे असे आडवळणाने लिहावे लागे. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या डॉटनेट १० मध्ये लेफ्ट जॉइन असा सरळ शब्द मिळाला. आम्ही त्या रात्री आडवळणानेच लिहिले, आणि व्हेअरमध्ये अट घातली, ताट रिकामे असेल तेवढेच दाखव.

तेवीस नावे आली.

त्या तेवीसांत ऱ्ह चे बळी चार. काहींच्या नावात दोन शब्दांमध्ये दोनदा मोकळी जागा पडली होती. सहा घरांची गोष्ट खास आपल्याकडची. आपली मुले इथल्या शाळांत गेली, इथल्या रीतीप्रमाणे कागदपत्रांवर आडनाव आद्याक्षर होऊन पुढे आले आणि पाळण्यातले नाव मागे. वहीत आजोबांचे संपूर्ण आडनाव, फॉर्ममध्ये नातवाचे फक्त के. किंवा डी. हे कोणते यंत्र जुळवणार? ती सहा घरे आम्ही फोन करून, "तुमचे आजोबा इसामिया बझारात राहत का हो?" असे विचारत जुळवली. दोघांनी आधी वाटले की आम्ही कर्ज विकणारे आहोत. उरलेल्यांत काही पुण्याला, औरंगाबादला गेलेली. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला तेव्हा नोकरीनिमित्त निघालेली घरेही त्यात असावीत. वहीत त्या सुमारास वर्गणी थांबलेली दिसते.

आता थोडे तंत्राचे, कारण इथे काही तरुण मंडळी हेच काम करणारी बसली आहेत. आम्ही नावशुद्धी नावाचे एक छोटे फंक्शन लिहिले. युनिकोडचे प्रमाणीकरण करायचे, त्याने र आणि नुक्ता यांचा एक ऱ होतो. पण न दिसणारे जोडचिन्ह त्याने हलत नाही. ते रूप आपणच हाताने बदलावे लागते. मग जादा मोकळ्या जागा काढायच्या. वहीच्या फाईलवर आणि एक्सएमएलवर हे चालले. पावत्यांच्या डेटाबेसला लावले तर साफ नकार.

कारण असे की लिंकचे वळण एक असले तरी आत दोन वेगळे व्यवहार आहेत. यादी आणि एक्सएमएल आपल्या यंत्राच्या स्मरणातच असतात. तिथे प्रश्न म्हणजे थेट काम, आपले फंक्शन चालते. डेटाबेसकडे मात्र आपला प्रश्न आधी आकृतीसारखा मांडला जातो, कोणता स्तंभ, कोणती अट, आणि दुभाष्या त्याचे एसक्यूएल करून पलीकडे पाठवतो. आमच्या नावशुद्धीला एसक्यूएलमध्ये प्रतिशब्द नाही. दुभाष्या अडतो आणि तसे सांगतो. त्याचे तसे सांगणे चांगलेच. एंटिटी फ्रेमवर्क कोअर नावाच्या दुभाष्याच्या आधीच्या आवृत्त्या अशा वेळी सगळा तक्ता गुपचूप आपल्याकडे ओढून आणत आणि इथे चाळत बसत. नोंदवहीत एक इशारा टाकत, तो कोण वाचतो? २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो स्पष्ट नाही म्हणतो. मग आपण ठरवायचे, की डेटाबेसला समजेल ती चाळण तिथेच लावू, थोड्याच नोंदी इकडे आणू, आणि अॅज इन्यूमरेबल म्हणून पुढची शुद्धी इथे करू.

आणखी एक. एकच अट दोन घरांत दोन उत्तरे देऊ शकते. सी शार्पमध्ये इंग्रजी लहान अक्षर आणि मोठे अक्षर निराळे. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या मांडणीत दोन्ही एकच मानतो. ईमेलचे पत्ते जुळवताना आम्हाला हे भोवले. प्रश्न अक्षरशः तोच, डेटाबेसमध्ये जास्त नावे, इथे कमी. एका वळणाने विचारता येते म्हणून तिन्ही घरे एकच झाली, असे समजणे ही आमची मूळ चूक होती. लिंकची स्तुती करणारे हे फारसे सांगत नाहीत.

आणि प्रश्न लिहिला म्हणजे उत्तर आले असेही नाही. लिंकचा प्रश्न ही आज्ञापत्रिका असते. कोणी उत्तर मागेपर्यंत ती पडून राहते, आणि जितक्यांदा मागाल तितक्यांदा नव्याने कामाला लागते. आम्ही आधी संख्या मोजली, मग यादी छापली, आणि एक नाव जास्त निघाले. भुताटकी वाटली. मधल्या पाच मिनिटांत खिडकीवर खजिनदारांनी एक पावती फाडली होती, इतकेच. आता टू लिस्ट म्हणून यादी एकदा गोठवतो, आणि मोजतो आणि छापतो ते त्याच गोठलेल्या यादीतून.

दसऱ्याच्या आत आम्ही काचीगुड्याला जाऊन आलो. शाल आणि श्रीफळ घेऊन गेलो होतो, पण कार्यक्रम असा काही केला नाही. वहीच्या दुसऱ्या पानाची छायाप्रत नेली होती. आजींनी ती चष्मा लावून बराच वेळ पाहिली. सासऱ्यांच्या नावापुढे पाच हाली लिहिलेले. त्यांनी विचारले, "पाच हालीचे आताचे किती?" आमच्यातल्या ज्येष्ठाने कलदारांत सांगितले, चार रुपये आणि सुमारे साडेचार आणे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मामंजींनी त्या वर्षी आम्हाला दिवाळीला लुगडं का घेतलं नाही ते आत्ता कळलं." ऱ्ह ची भानगड आम्ही समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला, त्यावर स्वतःचे आडनाव लिहिले, आणि तो आमच्या हातात दिला. तो आमच्याकडे आहे.

त्या तेवीस नावांपैकी सात अजून जुळलेली नाहीत. ती जशी वहीत आहेत तशी, फसली सालासकट, बाहेर प्रसादाच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर लावली आहेत. कोणाच्या आजोळचे, कोणाच्या जुन्या वाड्यातले, कोणाच्या शाळेतल्या मास्तरांचे असेल तर जाता जाता जरूर पाहा. आम्ही दोघे विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ तिथेच बसतो.